इटालियन शिकू या, पाठ नववा : 'करत असे' सांगणारा भूतकाळ



मागच्या पाठात आपण इटालियन भाषेतला 'पास्सातो प्रोस्सिमो' हा भूतकाळ पाहिला. 'ओ मान्जातो' म्हणजे मी जेवलो, 'सोनो आन्दाता' म्हणजे मी (स्त्री) गेले. तो पाठ छापून आल्यावर दोघातिघांनी मिस्सानंतर आम्हांला गाठले आणि विचारले, "फादर, भूतकाळ झाला ना एकदाचा? आता भविष्यकाळ घ्या." पण भूतकाळ अर्धाच झाला आहे. उरलेला अर्धा आज घेऊ. त्याचे नाव 'इम्पेर्फेत्तो', म्हणजे अपूर्ण भूतकाळ.

खरे तर हा पाठ आम्ही थोडा पुढे ढकलणार होतो. पण मध्येच एक प्रसंग घडला. आपल्या वर्गात शिकून इटलीत गेलेली एक भगिनी तिथे 'बादान्ते' म्हणून काम करते. घरी राहून वृद्धांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीला तिकडे हा शब्द आहे. ज्या आजीबाईंची ती सेवा करीत होती त्या देवाघरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दफनविधीची मिस्सा होती आणि घरच्यांनी तिला शेवटी दोन शब्द बोलायला सांगितले होते. रात्री तिने आम्हांला मोबाइलवर मजकूर पाठवला : "फादर, चुका दुरुस्त करून द्या. सकाळी वाचायचे आहे."

सहा वाक्ये होती. शब्दांत चूक नव्हती, शेवटच्या अक्षरांत चूक नव्हती. तरीही एक सोडून बाकी सगळी वाक्ये बदलावी लागली. का, ते पाठ संपता संपता सांगतो. आधी रूपे शिकू, कारण ती सोपी आहेत.

क्रियापदाचे मूळ रूप घ्या. त्याच्या शेवटचा 'रे' काढून टाका. उरलेल्या भागाला वो, वी, वा, वामो, वाते, वानो ही अक्षरे लावा. झाले. इटालियनमध्ये क्रियापदांचे तीन गट आहेत : 'आरे'वाले, 'एरे'वाले आणि 'ईरे'वाले. वर्तमानकाळात या तिघांनी आपल्याला किती छळले ते आठवा. इथे मात्र तिघेही शहाण्या मुलांसारखे एका रांगेत उभे राहतात.

प्रेगारे (प्रार्थना करणे) : इओ प्रेगावो, तू प्रेगावी, लुई किंवा लेई प्रेगावा, नोई प्रेगावामो, वोई प्रेगावाते, लोरो प्रेगावानो.

क्रेदेरे (विश्वास ठेवणे) : क्रेदेवो, क्रेदेवी, क्रेदेवा, क्रेदेवामो, क्रेदेवाते, क्रेदेवानो.

दोर्मीरे (झोपणे) : दोर्मीवो, दोर्मीवी, दोर्मीवा, दोर्मीवामो, दोर्मीवाते, दोर्मीवानो.

प्रार्थना, श्रद्धा आणि झोप ही तीन क्रियापदे आम्ही मुद्दाम निवडली. तिन्ही गोष्टी रविवारी चर्चमध्ये घडत असतात आणि तिसरी बहुधा प्रवचनाच्या वेळी.

'कापीरे' (समजणे) आणि 'फिनीरे' (संपवणे) या क्रियापदांच्या पोटात वर्तमानकाळी एक 'इस्क' शिरतो : कापिस्को, फिनिस्को. तो इथे येत नाही. साधे कापीवो, फिनीवो म्हणायचे. 'आवेरे' (जवळ असणे), 'आन्दारे' (जाणे), 'वेनीरे' (येणे) ही वर्तमानकाळातली वाकडी मंडळीसुद्धा इथे सरळ चालतात : आवेवो, आन्दावो, वेनीवो.

उच्चाराची एकच गोष्ट सांभाळा. 'प्रेगावामो' आणि 'प्रेगावाते' या रूपांत जोर 'वा' अक्षरावर पडतो. 'प्रेगावानो'मध्ये मात्र तो मागे सरकून 'गा' अक्षरावर येतो. आपली मंडळी 'आम्ही'च्या सवयीने 'ते'च्या रूपातही 'वा'वर जोर देतात, आणि मग समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो. घरी मोठ्याने दहा वेळा म्हणा.

खरोखर वेगळे असे एकच क्रियापद आहे, 'एस्सेरे' म्हणजे असणे : एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो. हे पाठच करा. याखेरीज 'फारे' (करणे), 'दीरे' (म्हणणे) आणि 'बेरे' (पिणे) ही तीन वेगळी दिसतात, पण ती फसवी आहेत. ही क्रियापदे कालांतराने आखडली. त्यांची जुनी लांब रूपे फाचेरे, दीचेरे, बेवेरे अशी होती. त्या जुन्या रूपातला 'रे' काढा आणि नेहमीचा नियम लावा, की फाचेवो, दिचेवो, बेवेवो ही रूपे आपोआप मिळतात. ज्यांनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली आहे अशा आपल्या ज्येष्ठांना या रूपांत ओळखीचा आवाज ऐकू येईल. लॅटिनमध्ये या काळाची खूण 'ब' होती, इटालियनमध्ये तिचा 'व' झाला.

जाता जाता एक गंमत. 'मी' या रूपाच्या शेवटी 'वो' असणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. जुन्या लिखित इटालियनमध्ये 'मी' आणि 'तो' यांचे रूप एकच होते : इओ आवेवा, लुई आवेवा. आलेस्सान्द्रो मान्झोनी या लेखकाची 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही प्रसिद्ध कादंबरी प्रथम 1827 साली पूर्ण छापली गेली. नंतर फिरेन्झे शहराच्या बोलीप्रमाणे त्यांनी ती सबंध पुन्हा घासूनपुसून 1840 ते 1842 या काळात नव्याने काढली. त्यात त्यांनी 'इओ आवेवो' हे बोलीतले रूप स्वीकारले. पुढे ते लिखाणातही रुजले. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दाला पुस्तकात जागा मिळाली. आपल्या वसईच्या बोलीला पुस्तकात जागा मिळावी म्हणून झटणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल.

आता अर्थाकडे वळू. इथे मराठी माणसाला घाबरण्याचे कारण नाही. इटालियनमधल्या एका रूपासाठी आपल्याकडे तीन-चार रूपे आहेत. 'मी प्रार्थना करत होतो', 'मी प्रार्थना करत असे', 'मी प्रार्थना करायचो' आणि आजीच्या गोष्टीतले 'तो प्रार्थना करी'. या सगळ्यांना इटालियनमध्ये 'प्रेगावो', 'प्रेगावा' पुरते. शिवाय 'करत होतो' आणि 'करत होते' हा स्त्री-पुरुष भेदही नाही. मागच्या पाठातल्या 'आन्दातो' आणि 'आन्दाता'ने ज्यांना रडवले त्यांनी निःश्वास सोडावा. सिस्टर असो की फादर, दोघेही 'प्रेगावो'च.

सवयीच्या गोष्टी या काळात सांगायच्या. 'ओन्यी दोमेनिका आन्दावामो आ मेस्सा', दर रविवारी आम्ही मिस्साला जायचो. वर्णन या काळात करायचे. 'पियोवेवा', पाऊस पडत होता. वय आणि वेळही याच काळात : 'आवेवो द्येची आन्नी', मी दहा वर्षांचा होतो, 'एरानो ले सेई', सहा वाजले होते. दोन गोष्टी शेजारी शेजारी चालू असतील तर दोन्हीही याच काळात येतात. 'मेन्त्रे कुचिनावो, लेई रेचितावा इल रोझारियो', मी स्वयंपाक करत होते तेव्हा त्या जपमाळ म्हणत होत्या.

एक गोष्ट चालू असताना दुसरी मध्येच घडली, तर चालू असलेली इम्पेर्फेत्तोमध्ये आणि मध्येच घुसलेली पास्सातो प्रोस्सिमोमध्ये. 'दोर्मीवो क्वान्दो आ तेलेफोनातो मिया माद्रे', मी झोपलेली होते तेव्हा आईचा फोन आला. हे वाक्य इटलीतल्या आपल्या मुलींना रोज लागते. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. आयांनी कृपया नोंद घ्यावी.

नम्रतेसाठीही हा काळ वापरतात. दुकानात किंवा चर्चच्या कार्यालयात 'वोल्यो' (मला हवे आहे) म्हटले तर ते जरा उद्धट वाटते. 'वोलेवो' म्हटले की माणूस हसून उत्तर देतो. 'वोलेवो उना इन्फोर्मात्सियोने', जरा माहिती हवी होती. आपण मराठीत 'एक काम होते' म्हणतो ना? काम तर अजून असतेच, तरी 'होते' म्हणतो. अगदी तेच.

आता ज्या जागी आपली माणसे हमखास घसरतात त्या जागा पाहू.

पहिली जागा कालावधीची. 'मी तीन वर्षे रोममध्ये राहत होतो' हे मराठीत चालते. म्हणून विद्यार्थी लिहितो, 'आबितावो आ रोमा पेर त्रे आन्नी'. हे चूक आहे. 'ओ आबितातो आ रोमा पेर त्रे आन्नी' असे हवे. "पण फादर, तीन वर्षे म्हणजे किती मोठा काळ!" असे आम्हांला वर्गात ऐकवले गेले. काळ मोठा की छोटा, हा इथे प्रश्नच नाही. तीन वर्षे असे मोजून सांगितले की त्या काळाला कुंपण पडले. तुम्ही कुंपणाबाहेर उभे राहून आतल्या सगळ्याकडे एकदम पाहता आहात. तेव्हा पास्सातो प्रोस्सिमो वापरायचा. इम्पेर्फेत्तोमध्ये तुम्ही कुंपणाच्या आत असता. सुरुवात मागे कुठेतरी आहे, शेवट दिसत नाही. एका मिनिटाची गोष्टही आतून सांगता येते आणि शंभर वर्षांची गोष्टही बाहेरून सांगता येते. रोमन साम्राज्य शेकडो वर्षे टिकले हे सांगायलाही पास्सातो प्रोस्सिमो चालतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'चा अकरावा भाग आम्हांला अवघड गेला होता. काळ म्हणजे काय, यावर ते तिथे विचार करतात. पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचा दाखला त्यांनी दिला आहे. म्हणायला सुरुवात करण्याआधी सगळे स्तोत्र अपेक्षेत असते. जसजसे आपण म्हणत जातो तसतशी अपेक्षा आखूड होते आणि स्मरण लांब होत जाते. पुढे इटालियन शिकवताना आमच्या ध्यानात आले, की स्तोत्र म्हणता म्हणता मध्ये असलेला माणूस म्हणजेच इम्पेर्फेत्तो आणि म्हणून झाल्यावर पुस्तक मिटणारा म्हणजे पास्सातो प्रोस्सिमो. तत्त्वज्ञानाची पदवी इथे तरी उपयोगी पडली.

दुसरी जागा 'सापेरे' (माहीत असणे) या क्रियापदाची. 'सापेवो' म्हणजे मला माहीत होते. 'ओ सापूतो' म्हणजे मला कळले. मराठीत आपण दोन वेगळी क्रियापदे वापरतो, इटालियन माणूस फक्त काळ बदलतो. तसेच 'कोनोशेवो' म्हणजे मी ओळखत होतो, 'ओ कोनोश्यूतो' म्हणजे माझी ओळख झाली. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. डॉक्टरांनी विचारले, "आजींना ताप होता हे तुम्हांला ठाऊक होते का?" आणि तुम्हांला ते आत्ताच कळलेले असताना तुम्ही गडबडीत 'सापेवो' म्हणालात, तर 'माहीत असून तुम्ही सांगितले नाही' असा अर्थ निघतो. शेवटच्या एका अक्षराने माणूस गोत्यात येऊ शकतो. 'नॉन लो सापेवो', मला ते माहीत नव्हते, हे वाक्य तोंडात तयार असू द्या.

तिसरी जागा पापस्वीकाराची. इटलीत गेलेल्या आपल्या लोकांना मराठी जाणणारे धर्मगुरू सहज मिळत नाहीत, तेव्हा इटालियनमध्येच पापस्वीकार करावा लागतो. गंभीर पापे सांगताना प्रकार आणि संख्या सांगायची असते, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम 988 सांगते. 'ओ मेन्तीतो आ मिया माद्रे' म्हणजे मी आईशी खोटे बोललो. 'मेन्तीवो आ मिया माद्रे' म्हणजे मी आईशी खोटे बोलत असे. पहिली घटना आहे, दुसरी सवय. ऐकणारा धर्मगुरू दोन्ही वेळी पापक्षमा देईल, पण सल्ला वेगळा देईल. आम्ही स्वतः इटालियन नवीन शिकत असताना एकदा 'सकाळची प्रार्थना राहिली' असे सांगायला गेलो आणि 'दिमेन्तिकावो' म्हणून बसलो. म्हणजे मी विसरत असे! पडद्यापलीकडच्या वृद्ध फादरांनी प्रार्थनेच्या महत्त्वावर आम्हांला सावकाश पंधरा मिनिटे समजावले. मागे रांग उभी होती.

शुभवर्तमानाचे इटालियन भाषांतर उघडलेत तर हा काळ पानोपानी भेटेल. घटना सांगायला तिथे 'पास्सातो रेमोतो' नावाचा आणखी एक भूतकाळ येतो, त्याची आज चिंता नको. इम्पेर्फेत्तोची रूपे तेवढी शोधा. संत मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ उठलेले असताना प्रभू येशू तारवात होता. तिथे शब्द आहे 'दोर्मीवा'. तो झोपला होता, झोप चालूच होती, शिष्यांनी येऊन ती मोडली. संत लूकच्या दुसऱ्या अध्यायात पवित्र मरिया सगळ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवते. तिथे 'कुस्तोदीवा' आहे. एकदा ठेवल्या आणि कपाट बंद केले, असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिले ख्रिस्ती लोक आपली मालमत्ता विकून गरजवंतांना वाटतात. तिथे 'वेन्देवानो' आहे. एका दिवशी सगळ्यांनी सगळे विकले असा त्याचा अर्थ होत नाही. गरज पडे तसे विकत असत.

आणि एक रूप आम्हांला फार आवडते. संत लूकच्या चोविसाव्या अध्यायात एम्माऊसच्या वाटेवर चाललेले दोन शिष्य अनोळखी वाटसरूला आपली व्यथा सांगतात. आम्ही आशा बाळगून होतो, असे ते म्हणतात. इटालियनमध्ये हे सगळे एका शब्दात आहे, 'स्पेरावामो'. स्पेरारे, त्यातला 'रे' काढला, 'वामो' लावला. मूळ ग्रीकमध्येही हे क्रियापद अपूर्ण भूतकाळातच आहे. ते 'आब्बियामो स्पेरातो' म्हणाले असते, तर आशा केली होती, विषय संपला, असा सूर लागला असता. 'स्पेरावामो'मध्ये शेवट सांगितलेलाच नाही. बोलणाऱ्यांना वाटते आहे की संपले. ऐकणारा त्यांच्याबरोबर चालतो आहे. 2025 च्या ज्युबिली वर्षात 'आशेचे यात्रेकरू' हे बोधवाक्य आपण वर्षभर चर्चमध्ये वाचत होतो. ते म्हणतानाही आम्हांला हा शब्द आठवत असे.

आता त्या पत्राकडे येऊ. त्या भगिनीने लिहिले होते, 'ओन्यी मात्तीना ओ पेत्तिनातो ई स्वोई कापेल्ली'. दररोज सकाळी मी त्यांचे केस विंचरले. व्याकरणाच्या पुस्तकावर बोट ठेवून सांगावे तर प्रत्येक शब्द बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याला वाटेल, कामांची यादी वाचून हजेरी लावते आहे. आम्ही लिहिले, 'पेत्तिनावो'. 'लेई आ कान्तातो', त्यांनी गाणे म्हटले, याचे केले 'लेई कान्तावा', त्या गात असत. 'नॉन ओ कापीतो ले पारोले' याचे 'नॉन कापीवो ले पारोले', मला शब्द कळत नसत. रविवारी दोघी दूरदर्शनवर मिस्सा पाहायच्या, तिथे 'ग्वार्दावामो'. आजींना रात्रीची भीती वाटायची, तिथे 'आवेवा पाऊरा'. पाच वाक्ये बदलून झाली.

सहावे वाक्य होते, 'उन जोर्नो मी आ क्यामाता फील्या'. एके दिवशी त्यांनी मला मुलगी म्हटले. हे आम्ही तसेच ठेवले. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "फादर, शेवटचे तुम्ही विसरलात. तेही बदलू ना? 'मी क्यामावा फील्या'. त्या मला मुलगी म्हणायच्या." व्याकरणाने हेही बरोबर होते, आणि वाक्यही गोड झाले असते. आम्ही विचारले, "त्या नेहमी म्हणत असत का?" पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "नाही फादर. एकदाच."

"मग 'आ क्यामाता'च राहू दे," असे आम्ही सांगितले. सकाळी तिने तसेच वाचले.

स्वाध्याय : पुढील वाक्ये इटालियनमध्ये लिहा आणि प्रत्येक ठिकाणी कोणता भूतकाळ घेतला त्याचे कारण एका ओळीत मराठीत द्या.
१. लहानपणी आम्ही मे महिन्यात दररोज क्रुसाजवळ जपमाळ म्हणायचो.
२. पाऊस पडत होता आणि फादर वाट पाहत होते.
३. मी प्रार्थना करत होते तेव्हा सिस्टर आल्या.
४. माझ्या आजोबांनी चाळीस वर्षे शेती केली.
५. त्या आजारी आहेत हे मला काल कळले.

पाचव्या वाक्यात एक खाच आहे, 'आहेत' या शब्दाकडे नीट पाहा. इटालियन माणूस तिथे 'एरा' म्हणेल. उत्तरे कागदावर लिहून पुढील रविवारपर्यंत चर्च कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकावीत. वर्ग नेहमीप्रमाणे दुसऱ्या मिस्सानंतर भरेल. येताना मागच्या पाठाची वही आणावी.